खापर थंड होऊ दे

आधी भानुबेनचं नाव लिहिते. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहतात, साड्यांना टिकल्या लावायचं काम करतात, मराठी समजतात पण बोलत नाहीत. ना नात्याच्या, ना गावच्या. पण त्या दिवशी मावशीला उचलायला पुढे झाल्या त्या एकट्या भानुबेनच.

सुमनमावशी जाऊन दीड महिना होत आला. माझी सख्खी मावशी नव्हे. सातवीत माझी शाळा सुटली, पुढे लग्न होऊन अमळनेरकडून सुरतेला डिंडोलीत आले. नवरा दिवसभर लूमवर. पहिल्या आखाजीला माहेरी जाता आलं नाही म्हणून मी दारात रडत बसले होते, तर समोरच्या खोलीतली ही विधवा बाई म्हणाली, "रडून आंबे पिकतात का? ऊठ, पीठ मळ." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, आमरसाबरोबर मांडे होतात. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं. पुरण भरलेला सैल गोळा ओल्या हातांनी तळव्यावर, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत खेळवत ओढणीसारखा पातळ करायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. माझा पहिला मांडा हातातच फाटला. "झालं याचं फडकं," म्हणून हसली, आणि तोच भाजून, वर तूप घालून सगळ्यांच्या आधी मला वाढला. सुरतेत मला माहेर मिळालं ते असं.

मावशीला दमा होता. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं होतं. ती गॅसवर लहान पोळ्या करायची, त्याही गोडच लागायच्या. पण तिचे दीर नाना, ज्यांच्या घरात ती राहायची, त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही गावाकडचे. नाना म्हणाले, "गॅसवरच्या पोळ्या वाढल्या तर पाहुणे काय म्हणतील? वहिनी, एवढ्या वेळचं बघा." मग लाकडं आली. गच्चीवर धूर नको म्हणून घरमालक ओरडला, तेव्हा चूल मांडली मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. खिडकी नाही. पाहुणे बसले मंडपात, पंख्याखाली...

मी गोळे करून देत होते. तिला धाप लागलेली दिसत होती. म्हटलं, "मावशी, बाहेर बस जरा. मी बघते." तर म्हणाली, "मी उठसू ते खापर थंडं पडी जाई, माय." खापर एकदा तापलं की शेवटच्या मांड्यापर्यंत बाईनं उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मधे थंड पडलं तर पुढचे मांडे चिकटतात म्हणे. चिकटले असते तर काय झालं असतं? कोण मेलं असतं?

मांडा हातावर असतानाच ती कलंडली. मी ओरडत मंडपात गेले. नानांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "व्याह्यांची पंगत बसलीय. एवढी उठू दे, मग नेऊ." आवाज ऐकून भानुबेन आल्या होत्या. म्हणाल्या, "पंगत गई चूलामां. रिक्षा बोलाव." मावशीला त्यांनी पाठीला आधार देऊन रिक्षात बसवलं, दवाखान्यापर्यंत पदरानं तिचं तोंड पुसत राहिल्या. पोचेपर्यंत ती गेली होती.

तेराव्याला बायका म्हणत होत्या, काम करता करता गेली, भाग्यवान. मी ताटावरून उठून गेले. कसलं भाग्य? श्वास कोंडून मरणं? आणि राग तिचाही येतो. मला दारातून उठवून कामाला लावणारी बाई, तिला स्वतःला चुलीपुढून उठता येऊ नये?

मागच्या आठवड्यात नाना तिचं खापर घेऊन माझ्या दारात आले. "आता लग्नाचे मांडे तुझ्याकडे. तिनं हात तुलाच दिलाय." आमची खोली नानांच्या शब्दावर मिळालेली आहे. हे छापून आलं तर काय होईल, ही भीती लिहितानाही आहे. तेव्हाही होती. पण म्हटलं, "नाना, खापर ठेवून घेते. लग्नाचे मांडे करणार नाही." ते म्हणाले, "फार शहाणी झालीस." झाले असेन.

ते खापर आता माझ्या माळ्यावर आहे. खालून काळंकुळकुळीत, वरून तिच्या हाताचं पाणी पिऊन गुळगुळीत. भानुबेननी त्या दिवशी मांड्याचा तुकडासुद्धा खाल्ला नव्हता, कुणी विचारलंच नाही. आपलं अंगण होईल तेव्हा मी उघड्यावर चूल मांडीन आणि पहिला मांडा त्यांच्या ताटात वाढीन. मधेच धूर लागला तर उठेन, त्यांच्याजवळ जाऊन बसेन. खापर थंड होऊ दे. पुन्हा तापवता येतं.