दुकान बंद करणे आहे

आमच्या सासूबाई दुःखाच्या बाबतीत फार तत्पर होत्या. कुणाकडे काही वाईट घडलं की त्या पिठलं-भाकरी बांधून निघत, कारण तशा घरी चूल पेटत नाही. त्यासाठी त्यांचं एक फिकट लुगडं वेगळं ठेवलेलं असे. बारशाला त्या कंटाळत जात, समाचाराला मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

तारापूरला वीजप्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा ह्यांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याकडून येऊन सरावलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. हे, मी, सासूबाई आणि लग्नाची नणंद. गाव परकं, ओळखी नाहीत, त्यामुळे सासूबाईंना समाचाराला जायला घरंच मिळत नव्हती. बाई अगदी कोमेजून गेल्या होत्या.

पुढे नणंदेचं लग्न वैशाखात करायचं ठरलं. ती घरात धाकटी, जन्मभर थोरल्या बहिणींची उतरलेली लुगडी नेसलेली. तिचा जीव बोईसर स्टेशनाजवळच्या कापडदुकानातल्या एका डाळिंबी शालूवर जडला होता. दिवाळीत आम्ही दोघींनी भाव विचारून ठेवला होता, साठ रुपये. आयुष्यात पहिल्यांदा तिने हट्टाने काही मागितलं होतं आणि ते तिला मिळावं असं मलाही फार वाटत होतं.

चैत्रात त्या दुकानावर पाटी लागली. ‘दुकान बंद करणे आहे. पडत्या भावात विक्री.’ शालूला चिठ्ठी टोचलेली होती. तिच्यावर नव्वद रुपये, त्यावर लाल काट आणि खाली साठ. म्हणजे भाव दिवाळीचाच, फक्त मधल्या काळात शालू नव्वदपर्यंत हवापालट करून आला होता.

सरकारचे नियम होते, नाही असं नाही. धान्याच्या दुकानात भावफलक लावणं सक्तीचं होतं, आणि आमचा वाणी तो लावायचाही, पोत्यांच्या मागे. गिरण्या साध्या लुगड्यांच्या काठावर किंमत छापून पाठवत, तर दुकानदार नेमका तेवढाच काठ आत दुमडून ठेवत. शालूवर तर कुणीच काही छापत नसे. तिथे शेटजीची लाल पेन्सिल हाच कायदा.

आम्हाला त्याचं काही नव्हतं. साठाला मिळतोय ना, मग झालं. मी घरी येऊन सासूबाईंना पाटीवरचा मजकूर सांगितला आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिकट लुगडं बाहेर आलं. मला सोबत घेऊन त्या थेट दुकानात गेल्या, गादीवर टेकल्या आणि पिठलं-भाकरीचं फडकं शेटजीपुढे सरकवलं.

“लेकरं किती हायती?” त्यांनी विचारलं.

“तीन हाय,” शेटजी गोंधळून म्हणाला.

“आता कुटं जानार त्यास्नी घिऊन?”

शेटजीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत पाटी खोटी आहे असं तो कसा म्हणणार? “बगू, देव हाय,” असं पुटपुटत त्याने भाकरी मोडली. पिठलं त्याला आवडलं असावं, कारण सगळं संपवलं.

घरी येताच सासूबाईंनी फर्मान काढलं. बुडत्या माणसाच्या दुकानातनं नवरीचं लुगडं आनायचं न्हाई. शेजारणींनाही सांगितलं. त्याही आमच्यासारख्याच घाटावरच्या, लगेच पटलं त्यांना. सरावलीतून त्या दुकानात जाणं बंद झालं. नणंदेने रात्रीचं जेवण सोडलं.

“आत्याबाई, तो खोटं बोलतोय,” मी म्हणाले.

“सोताचं दिवाळं निघालं म्हनून खोटं कोन सांगंल?”

मग एकदा भाजी निवडता निवडता त्या बोलल्या. त्यांचं माहेर कर्जात बुडालं तेव्हा आईचा शालू शेजारच्या बाईने निम्म्या किमतीत उचलला होता. ती बाई तो नेसून सणाला त्यांच्याच दारावरून जायची आणि आई कडी लावून आत बसायची. सासूबाईंनी हे सांगितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मला रडू आलं. शेटजीची ती लाल पेन्सिल मोडून त्याच्या हातात द्यावी असं वाटलं.

आता एकच उपाय होता, माणूस लबाड आहे हे सिद्ध करायचं. चोर ठरला तरच त्याच्याकडून खरेदी करता येणार होती. मी शेटजीला गाठून सगळं सांगितलं. विक्री बसलेलीच होती, तो तयार झाला. मी सासूबाईंना पुन्हा दुकानात नेलं.

“आजी, दुकान बंद होत नाय,” तो म्हणाला. “आमी दर चैत्रात पाटी लावतो.”

“आनि नव्वद रुपये?”

“ते पन खोटं. साठच होता.”

“म्हंजी तू लबाड हायस?”

“हाय, आजी.”

“द्येवाची आन?”

“देवाची आन.”

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की जणू दगावलेला माणूस उठून बसला. “लेकरं खाऊनपिऊन हायती म्हंजी,” त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात, “मग चाळीस दिऊ.”

पन्नासला सौदा पटला. त्यांनी आधी पाटी खाली उतरवायला लावली, मगच पुडकं बांधू दिलं. आम्ही वळणावर पोचेपर्यंत पाटी परत चढली होती. नणंद शालू नेसून बोहल्यावर उभी राहिली तेव्हा मी डोळे भरून पाहून घेतलं.

प्रकल्पाचं बांधकाम संपलं, कामगार पांगले आणि ते दुकान खरंच बसलं. या खेपेला पाटी नव्हती. गिऱ्हाइकंही नव्हती. सासूबाईंनी फिकट लुगडं नेसलं, पिठलं-भाकरी बांधली. मी सोबत गेले. या वेळी त्यांनी लेकरांचं काही विचारलं नाही. चोळीचा एक खण मागितला.

शेटजीने भाव सांगितला आणि सवयीने म्हणाला, “तुमाला कमी करतो, आजी.”

“नगं,” त्या म्हणाल्या. “सांगितलंस तेवढंच घे.”

खणाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. त्यावर आमच्या घरात कुणी एक अक्षर काढलं नाही.