तीन घरांचा जोगवा

आई मंगळवारी गेली. मी वर्गात होतो. फोन आला, खडू ठेवला आणि घरी आलो. परडी तिच्या उशाशी होती.

आई आराधी होती. गळ्यात कवड्यांची माळ, आणि मंगळवारी, शुक्रवारी हातात वेताची ती पसरट परडी घेऊन देवीच्या नावानं पाच घरी जोगवा मागायचा, हा तिचा नेम. कुणी मूठभर पीठ घाली, कुणी मीठ. मी भूमला शाळेत शिकवतो. त्या पाच घरांतली दोन माझ्या विद्यार्थ्यांची होती. एकदा वर्गात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सरांची आई आमच्याकडं मागायला येती." त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं, हे आता बंद कर. तिनं वाद घातला नाही.

पुढच्या मंगळवारी ती आमच्याच दारातून बाहेर गेली, वळली आणि उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "जोगवा वाढ, माय." बायकोनं पीठ घातलं. आई आत आली, पुन्हा बाहेर गेली. असं पाच वेळा. दोघीही हसत होत्या. "झाली पाच घरं, मास्तर. तुमची अब्रू बी ऱ्हायली," ती मला म्हणाली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

एका मंगळवारी बायको माहेरी होती. आई उंबऱ्याबाहेर परडी घेऊन उभी राहिली. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "पिठाचा डबा कुठं आहे ते तुला माहीत आहे. घे की."

"आपल्या हातानं घेतल्यावर त्यो जोगवा न्हाय ऱ्हात, बाळा," ती म्हणाली. थोडा वेळ थांबली आणि रिकामी परडी घेऊन आत गेली. मी तिच्या परडीत एकदाही काही घातलं नाही.

कवड्या कुठं पिकतात, असं तिनं मला विचारलं होतं. समुद्रात, मी म्हणालो. तेव्हापासून तिला समुद्र बघायचा होता. शाळेची सहल गोव्याला निघाली तेव्हा तिनं विचारलं, "गाडीत एक जागा न्हाय का रं?" मी नाही म्हणालो. ड्रायव्हरच्या मागची सीट जाता-येता मोकळी होती. तिच्यावर आम्ही चिवड्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या. माळ घालून ती मुलांमध्ये बसली असती, हे मला नको होतं.

आई गेल्यावर माळ घरातल्या कुणीतरी गळ्यात घालायची असते. मी घालणार नव्हतो. समुद्रात विसर्जन करतो, म्हणालो. माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "विसर्जन म्हणू नगंस. नकोशी झाली म्हण." मला राग आला. ती खरं बोलत होती म्हणून आला, हे आता कळतं.

सुट्टी लागल्यावर मी माळ आणि परडी पिशवीत घालून पणजीला गेलो. मिरामारचा किनारा विचारत निघालो आणि जुन्या पोर्तुगीज वस्तीत वाट चुकलो. पिवळी, निळी घरं, शिंपल्यांची तावदानं लावलेल्या खिडक्या. आईला या खिडक्या दाखवायला हव्या होत्या, असं प्रत्येक घरापाशी वाटत गेलं. ऊन चढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एका बंद घराच्या पायरीवर बसलो. पिशवीत माळेचा गुंता झाला होता. परडी मांडीवर घेऊन मी तो सोडवू लागलो.

घराची मालकीण बाजारातून आली. झगा घातलेली, गळ्यात क्रूस, हातात पावांची पिशवी. मी उठू लागलो तर तिनं हातानंच बसायला सांगितलं.

"खंयचो तूं?"

"भूमचा. तुळजापूरकडचा." मग न विचारताच मी म्हणालो, "ही आईची माळ. आई गेली."

तिनं माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून एक पोई, कोंड्याचा गोल पाव, काढली आणि परडीत ठेवली.

"नको, नको," मी घाईनं म्हणालो. "मी मागत नाही."

"मागलां म्हूण कोण सांगता? हांव दितां," ती स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली. "बेगीन खा. थंड जाली जाल्यार दांत मोडटले." लवकर खा, अशी हातानंही खूण करून तिनं दार उघडलं आणि आत गेली.

मी खाल्लं. रडूही आलं. पोईला लागलेलं पीठ परडीत सांडलं होतं, वेताच्या विणीत बसलं होतं. परडी रस्त्याकडे करून मी परक्या उंबऱ्याबाहेर बसलो होतो. आणि मग आठवलं, आज मंगळवार. देवीनं घडवलं की त्या बाईच्या स्वभावानं, याचा निवाडा मी करत नाही. माझ्या विद्वत्तेचा तिथं काही उपयोग नव्हता. आयुष्यभर मला वाटे की मागणारा लहान होतो. त्या पायरीवर मला लहान होऊ दिलं गेलं, आणि बरं वाटलं. आईला हे सांगायला हवं होतं. ती असताना.

नंतर मिरामारला गेलो. वाळूत शिंपले होते, कवडी एकही दिसली नाही. मी माळ लाटेत भिजवली आणि परत परडीत ठेवली. सोडून देववली नाही मला. अक्काला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "ये घरी."

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. मनात तिला हात जोडतो, तेव्हा डोळ्यांपुढे आईच येते.

माळ आता माझ्या गळ्यात असते. मंगळवारी परडी घेऊन निघतो. पहिलं घर मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं. त्याची आजी पीठ घालते आणि विचारते, "सर, च्या टाकू का?" तीन घरं होतात, चौथ्याच्या दारातून परत फिरतो. पाच अजून होत नाहीत.