कागदावरचा जुळा

माझं वय कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कागदावरचं सांगू का खरं?" लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई वय चोरतेय. चोरतेय कुठली, मलाच ठाऊक नाही! आणि माझा धंदा काय, तर विमा कंपनीत बसून कुठल्या वयाचा माणूस अजून किती जगेल याचा हिशेब मांडायचा. अ‍ॅक्चुअरी म्हणतात त्याला. जगाची वयं तोलून पोट भरते आणि स्वतःचं माहीत नाही.

आम्ही फुलंब्रीकडचे, मेंढरंवाले. कोण कुठल्या रानात कधी जन्मलं, हे आमच्यात कुणी लिहून ठेवत नव्हतं. दादा माझ्यापेक्षा चांगला मोठा. पण तो मेंढरांमागं असायचा म्हणून त्याची शाळा लांबत गेली. शेवटी आबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं, कारण त्यांना त्या उंबऱ्यावर दोनदा जायचं नव्हतं. हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. आबा नुसते बघत राहिले. मास्तरांनी दोघांच्या नावापुढं एक जून लिहून टाकलं, सालसुद्धा एकच. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण झाल्याचं दाखवायचं, मिटलं! आमच्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं ढिगानं सापडतात ती अशी. आमच्या ऑफिसात त्या दिवशी केक एक असतो आणि कापायला पाच जण उभे असतात.

तर असा माझा थोरला भाऊ कागदावर माझा जुळा झाला. तो मला चिडवायचा, "एकाच दिवशी पडलो ना गं आपण पोटातून? मग दादा कशाला म्हणतीस?"

दादा गेल्या साली गेला. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं, मेंढरं रस्त्यापलीकडं नेत होता आणि टेम्पोनं उडवलं. विमा मीच मागं लागून काढायला लावला होता, आमच्याच कंपनीचा. आधार कार्डावर जी तारीख होती तीच विम्यावर गेली, सगळ्यांचीच जाते. वहिनीनं दावा टाकला, त्याला महिने लोटले, तरी होय नाही आणि नाही नाही. पैसे आले तर मेंढरं ठेवायची आणि दोन पोरींना घेऊन आपल्या घरात राहायचं. नाही आले तर कळप विकून चितेगावच्या कंपनीत रोजानं जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. मला फोन करायची. "वन्सं, काही कळलं का?" दुसऱ्या खात्याचं काम, मला तिथं डोकावायची मनाई. मी नाही म्हटलं की तिचं एकच पालुपद, "चाळिशीबी बघितली नाय ह्यांनी." ते ऐकलं की माझ्या काळजात कळ यायची.

अशात कंपनीनं आम्हाला ट्रेनिंगला बसवलं. जालना रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल, एसी इतका गार की आम्ही बायका पदर आवळून बसलेल्या. शिकवायला बंगळुरूहून एक सर आले होते. माणूस हुशार, बोलणं गोड, पण मराठीचा गंध नाही. काम असं होतं की कंपनीचे जुने, निकाल लागलेले दावे कॉम्प्युटरला दाखवायचे. कुठले दिले, कुठले चौकशीत अडकून नाकारले, हे बघून त्यानं स्वतःच खुणा शिकायच्या. मग नवा दावा आला की त्यानं सांगायचं, हा सरळ द्या किंवा हा चौकशीला पाठवा. यालाच मॉडेल म्हणायचं. ज्या जोडीचं मॉडेल सगळ्यात चांगलं, ते कंपनी खरोखर वापरणार होती आणि त्या जोडीला नव्या विभागात घेणार होती.

माझ्या जोडीला गंगापूरचा एक सहकारी होता. घरची बागायती, ऊसवाला, बोलायला लई तेज. कॉम्प्युटरवर त्याची बोटं भराभर चालायची, मी आकडे तपासायची. आमचं मॉडेल सगळ्यांच्या पुढं गेलं. सर खूश. त्यांनी पडद्यावर दाखवलं, की मॉडेल कुठल्या रकान्याकडं बघून निर्णय घेतंय. सगळ्यात लांब पट्टी जन्मतारखेची!

"देखिए," सर म्हणाले, "मशीन ने वो पकड़ा जो हम नहीं पकड़ पाए."

कुठली तारीख पकडली म्हणून मी बघायला गेले. एक जून. त्या पोरक्या तारखेवर मॉडेलनं खोटेपणाचा शिक्का मारला होता. का, ते मला लगेच कळलं. जुन्या चौकशांमध्ये साहेब लोक ही तारीख बघून जन्माचा दाखला मागायचे. दाखला कुणाकडंच नसायचा आणि दावा बारगळायचा. मशीन तेच बघून शिकलं. साहेबांचा संशय त्यानं घोकून पाठ केला होता, दुसरं काही नाही.

जेवणानंतर सरांनी चालू, निकाल न लागलेले दावे दिले. नावं काढून टाकलेली, नुसत्या ओळी. मॉडेलनं प्रत्येकाला गुण द्यायचे होते. सगळ्यात वर लाल रंगातल्या ओळी होत्या, चौकशीच्या. त्यातली एक मी वाचली. एक जून. साल माझंच. तालुका फुलंब्री. धंदा मेंढपाळ. कारण रस्ता अपघात.

माझीच जन्मतारीख, आणि शेजारच्या रकान्यात मृत्यूची तारीख.

  ओळीवर बोट ठेवून मी तशीच बसून राहिले. समोर माझा दादा होता आणि आम्ही दोघांनी बनवलेल्या मॉडेलनं त्याला लबाड ठरवलं होतं.

"काय झालं मॅडम? भूत बघितलं का?" गंगापूरचा म्हणाला.

मी त्याला ओळीचं सांगितलं नाही, तारखेचं सांगितलं. तो हसला नाही. "ठाऊक हाय मला. माझीबी तीच. पण आता कशाला? उद्या मोठ्या साहेबांपुढं मांडून होऊ द्या, निवड होऊ द्या, मग सांगू निवांत."

"निवांत? अन् तोवर किती घरं लटकतील?"

"तुमचं काय जातंय त्यात?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं नाही, कारण खरा पेच मला तेव्हाच दिसला होता. गप्प बसले तर मॉडेल वहिनीचा दावा चौकशीला धाडणार आणि जो दाखला कधी नव्हताच तो तिच्याकडं मागितला जाणार. बोलले तर मला भर सभेत सांगावं लागणार, की या एक जूनच्या तारखा मास्तरांनी मनानं लिहिलेल्या आहेत. म्हणजे दादाचीसुद्धा. ती तारीख खोटी आहे हे कंपनीला सांगणारी मीच, त्याची बहीण! वरून म्हणणार, घरच्यासाठी बोलते. तेवढ्यात फोन थरथरला. वहिनी. मी उचलला नाही. इतकी भ्यायले होते मी.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पहिल्या रांगेत बसलेले. आमचा नंबर शेवटी. गंगापूरचा झकास बोलला, टाळ्या पडल्या. मग माझी पाळी. लांब पट्टीचं ते चित्र पडद्यावर आलं. मी सरांकडं बघितलं आणि हिंदीत म्हटलं, "सर, ही पट्टी चुकीची आहे. मॉडेल इथं लबाडी पकडत नाही. खेड्यातल्या शाळेत गेलेला माणूस पकडतंय."

मग मास्तर, जून, सहा वर्षं, सगळं सांगितलं. 

"हे कितपत सर्रास आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"माझीच तारीख ती आहे, साहेब."

शेजारी गंगापूरच्यानं खाली बघत हात वर केला. कान खाजवायला न्यावा तेवढाच, पण केला. मागं अजून दोन हात गेले.

सर मात्र हलले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मतलब इन लोगों की उम्र भी सही नहीं है. आप समझ रही हैं, आप क्या कह रही हैं?"

"समजतंय." मी टेबलाला धरून पुढं म्हटलं. "लाल ओळींमधली एक माझ्या भावाची आहे. मी ती ओळखली. त्याचंही वय खोटं आहे. तो कागदावर आहे त्यापेक्षा मोठा होता. ते खुशाल तपासा. पण त्यानं कुणाला फसवलं नाही, त्याला तारीख विचारलीच नव्हती कुणी."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. लाज वाटली, आणि रागही आला. रडायचं नव्हतं मला तिथं.

मोठे साहेब उठले आणि त्यांनी नियमानं जे करायचं ते केलं. ओळखीचा दावा समोर आला म्हणून मला त्या कामातून तिथंच बाजूला काढलं. नव्या विभागात गंगापूरचा गेला, मी नाही. पण सरांनी जन्मतारखेचा दिवस-महिना मॉडेलमधून काढायला लावला. मॉडेलचे गुण घसरले, तरी ते तसंच पुढं नेलं. आणि दादाची फाईल, मला भीती होती तशी, उघडलीच.

वय चुकीचं असलं म्हणून विमा रद्द होत नाही, खऱ्या वयाप्रमाणं रक्कम बदलते, वय जास्त निघालं तर कमी होते. हा नियम मी परीक्षेला पाठ केलेला. पण खरं वय आणायचं कुठून? चौकशीचे साहेब गावाकडं गेले, तर आमची माय त्यांना थेट पाण्याच्या टाकीखाली घेऊन गेली. टाकीवर बांधल्याचं साल सिमेंटमध्ये कोरलंय. माय म्हणाली, "हिच्यावर पाट्या वाहत व्हते मी, तवा तो पोटात व्हता." गावातल्या चार म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. साहेबांनी टाकीचा फोटो काढला आणि तीन वर्षं वाढवून लिहिली.

दावा मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा वहिनीला मीच फोन केला. वय वाढलं म्हणून रक्कम कमी झाली होती आणि ते माझ्या बोलण्यानं झालं होतं. मी एका दमात सांगून टाकलं. पैसे येतायत, मेंढरं विकू नको, पण वाटलं होतं त्याहून कमी आहेत, कारण दादाचं वय आता तीन वर्षांनी जास्त धरलंय.

 पलीकडं मेंढरं ओरडत होती. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार, आणि त्या खायची माझी तयारी होती.

"वन्सं," ती म्हणाली, "म्हंजी एक्केचाळीस?"

"व्हय."

"कंपनीच्या कागदावर तसं आलंय? नक्की?"

"नक्की, वहिनी."

तिनं पोरींना हाक मारली. फोन कानाला तसाच असावा, कारण तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"ऐकलं का गं? तुमच्या बापानं चाळिशी बघितली."