हेफिन प्रॉसरची चौथी ट्राय

हेफिन प्रॉसर दोन वाक्यं सलग बोलला, की वेल्समधल्या आमच्या कूमहेली गावात लोक विचारतात, बरं नाही का त्याला? आठवडाभर तो घरांच्या छपरांवर दगडी कौलं बसवतो. तेवीस वर्षं दर शनिवारी तो आमच्या रग्बी क्लबच्या पहिल्या रांगेत मान घालून समोरच्यांना रेटत आला. चाळिशी उलटल्यावर मान कुरकुरू लागली, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि त्याने खेळणं सोडलं.

मी त्या क्लबची चिटणीस. आमची लीग म्हणजे शनिवारी थोडंफार मानधन आणि सोमवारी पुन्हा कामधंदा. वरच्या गटात फक्त पहिला आलेला क्लब जातो. अकरा वर्षं आम्ही दुसरे नाहीतर तिसरे येत होतो आणि त्याचा मला मनापासून संताप होता.

गेल्या एप्रिलातल्या शेवटच्या सामन्यात नुसता विजय पुरणार नव्हता. चार ट्राय हव्या होत्या, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपार टेकवायचा. मग एक जादा गुण, आणि त्या एका गुणावर वरचा गट. नेमका आमचा राखीव प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेत रेटणारा गडी, लग्नाला गेला. त्या रांगेत त्यासाठी शिकलेलाच माणूस लागतो. तो नसला तर स्क्रम नुसता नावाला होतो. आठ-आठ जणांनी खांदे भिडवायचे, पण रेटायचं नाही. आणि रेटण्याशिवाय आम्हाला येतं काय?

मी हेफिनच्या शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"शनिवारी नुसतं बाकावर बस."

"नेरिस, माझी मान गेलीय."

"बाकावर बसायला मान लागत नाही."

तो आला.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला आमच्या प्रॉपचा खांदा निखळला. एकोणीस-सतरा असे आम्ही पुढे होतो, पण ट्राय तीनच. हेफिनने कोट काढला तशी मी धावत त्याच्याजवळ गेले.

"राहू दे हेफिन. चुकलंच माझं."

"आता सुचलं होय?" म्हणाला आणि आत गेला.

सामन्याची ऐंशी मिनिटं भरली आणि शेवटच्या खेळीत त्यांच्या रेषेजवळ, अगदी खांबांसमोर, आम्हाला पेनल्टी मिळाली. अशा जागी खांबांमधून किक मारून तीन गुण घ्यायचे, हे दक्षिण वेल्समधलं पोर चालायच्या आधी शिकतं. कप्तान ग्रफचा हात सवयीने खांबांकडे निघाला. एकदा खांब दाखवले की रेफरी मत बदलू देत नाही. मग किक, विजय, टाळ्या आणि पुन्हा तोच गट. अख्खं मैदान ओरडत होतं, "तीन घे, तीन!" सांगायला लाज वाटते, पण मीही ओरडत होते.

हेफिनने ग्रफचं मनगट पकडलं.

"सोड ना, जिंकतोय आपण!"

"जिंकून काय लोणचं घालायचंय? स्क्रम माग."

"चेंडू गेला तर हातातलंही जाईल."

"जाईल. माग."

ग्रफने स्क्रम मागितला. पहिला कोसळला. समोरचे मुद्दाम गुडघे टेकत होते. दुसराही कोसळला आणि हेफिन उठला तो मान एका बाजूला धरून. मी कठड्यावरून ओरडले, "बाहेर ये, मेल्या!" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा आठही जण हलले. एक पाऊल, मग दुसरं. रेषा आली आणि समोरच्यांनी सगळा ढीग खाली पाडला. रेफरी धावत खांबांच्या मधोमध गेला आणि त्याने हात वर केला. त्यांनी नियम मोडून अडवलं म्हणून ट्राय आम्हाला. चौथी!

क्लबघरात सगळे नाचत होते, मी वही भरत होते. ट्राय कोणाची, या रकान्याशी हात थांबला. अशा पेनल्टी ट्रायला कुणाचं नाव नसतं. तेवीस वर्षांत हेफिनच्या नावावर एकही ट्राय नाही. मी सरळ त्याचं नाव लिहिलं.

मानेवर बर्फाची पिशवी धरून तो मागे उभा होता.

"खोड ते."

"का?"

"आठ जण होतो."

"मग आठ नावं लिहू?"

"सोळा वर्षं चिटणीस आहेस तू. नियम मी सांगू?"

मी नाव खोडलं आणि त्याच्यासमोरच रडले. त्या रकान्यात आता एक रेघ आहे, आणि आम्ही वरच्या गटात आहोत.