प्रयागबाईंचा पहिला टेक

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर चुका काढायला वाचत आले. कुणाला माडीवर पावलं ऐकू आली की मी मनातल्या मनात यादी करायची... पाण्याचा पाइप, उंदीर, उन्हानं तापलेलं लाकूड. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि, वाचून विचित्र वाटेल, आजही नाही. माझं कामच तसं आहे. मी साउंड रेकॉर्डिंग करते. आवाज कुठून निघाला, किती वेळात पोचला, वाटेत त्याचं काय झालं, हे सगळं मोजता येतं. उत्तर सापडायला कधी आठवडा लागतो, पण सापडतं. हे एक सोडून.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. पुंडलिकनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, आणि त्यातल्या मागच्या खोलीचा मी स्टुडिओ केलेला. खिडकीला गादी लावलेली, भिंतींना जुन्या गोधड्या, एक कॉम्प्युटर, दोन माइक आणि माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा एक छोटा डबा. त्याला इंटरफेस म्हणतात. सकाळी गल्लीत टँकरच्या मोटारी, दिवसभर कुठंतरी बोअर घेणारी गाडी, आणि समोरच्या प्लॉटवर चार मजली इमारत चढत होती. पाण्याचा ठणठणाट, पण बांधकामं काही थांबत नव्हती. शांतता मिळायची ती दुपारी एक ते तीन, मिस्त्री-मजूर जेवून आडवे व्हायचे तेव्हा. तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकायचं, तेही पंखा आणि कूलर बंद करून.

एप्रिल संपत आला होता. संगीता आली. आमच्याच भागात राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. हातात एक कॅसेट. तिचे वडील किसनराव सोयगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आसपासच्या गावांत भीमगीतांचे कार्यक्रम करायचे. गाणी स्वतः लिहायचे, पेटी स्वतः वाजवायचे. ढोलकीवर त्यांची बायको, प्रयागबाई. त्या काळात बाई ढोलकीवर म्हटल्यावर लोक आधी बघायला यायचे आणि मग ऐकत बसून राहायचे, असं संगीता सांगत होती. किसनराव जाऊन बारा वर्षं झाली होती आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग एकही नव्हतं. घरी भरलेली ही एकच कॅसेट, ट्रंकेच्या तळाशी नुकतीच सापडलेली, त्यावर एकच गाणं. नुसती पेटी आणि आवाज. ढोलकी नाही, कारण प्रयागबाई तेव्हा बाळंतीण होत्या. गाण्यात मधेच एक तान्हं मूल रडतं... ती संगीताच.

"यावर आईची ढोलकी हवीय, मॅडम," संगीता म्हणाली. "तिची बोटं आता सुजतात. एका बैठकीला दहा मिनिटं जेमतेम वाजवते. दिवाळीपर्यंत तेवढंही होईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

मी हो म्हटलं आणि घरी कॅसेट ऐकल्यावर पस्तावले. ताल धरायला त्यात काहीच नव्हतं. जुन्या टेपची चाल कमी-जास्त झालेली. किसनराव मनात मोजून ढोलकीसाठी मधेमधे जागा सोडत होते. एका ठिकाणी त्यांना खोकला येतो, ते थांबतात, आणि मग अर्ध्या ओळीतूनच गाणं पुन्हा उचलतात. मी ओळखीच्या एका तयारीच्या ढोलकीवाल्याला बसवून पाहिलं. तासाभरानं त्यानं हात जोडले. हे गाणं जिवंत माणसासोबतच वाजेल, कॅसेटसोबत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

प्रयागबाई आल्या त्या ढोलकी जुन्या लुगड्यात गुंडाळून. पासष्टीच्या, काटकुळ्या, डोळ्यांत मोतीबिंदू. स्क्रीनचा उजेड सोसत नव्हता म्हणून तिकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसल्या. आधी गाणं स्पीकरवर लावायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. बारा वर्षांनी नवऱ्याचा आवाज ऐकत होत्या, पण चेहरा हलला नाही. मग एवढंच म्हणाल्या, "आवाज लई तरणा हाय."

मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. चार ठोके झाले आणि त्या थांबल्या.

"ताई, माझा हात पडतोय आन् आवाज मागून येतोय."

आमच्या धंद्यातला हा जुना त्रास. माइकमधला आवाज डब्यातून कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथं थोडा थोडा साठवून मग पुढं पाठवला जातो आणि वाजवणाऱ्याच्या कानात परत येतो. या फेऱ्यात जो उशीर होतो, ती लेटन्सी. मी साठवण निम्मी केली. त्या म्हणाल्या, कमी झालं पण आहे. आणखी निम्मी केली, तर हेडफोनमध्ये चुलीत काड्या तडतडाव्यात तसा आवाज यायला लागला. वाय-फाय बंद केलं, अँटीव्हायरस बंद केला, वीज वाचवणारी सेटिंग्ज काढली. तडतड थांबली. उशीर मात्र त्यांना जाणवतच होता. तोवर बोटं आखडली, आणि आम्ही तो दिवस सोडून दिला.

मला वाटलं, बाईंचा भास असणार. इतका बारीक उशीर भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांची परीक्षाच घेतली... सांगायला लाज वाटते, पण घेतली. त्यांच्या पाठीमागं बसून, काही न बोलता, साठवण कमी-जास्त करत राहिले. "लांब गेलं," त्या म्हणायच्या. "आता जवळ आलं." एकदा मी नुसताच माउस वाजवला. त्या मान न वळवता म्हणाल्या, "आता तुमी काय बदललं नाय."

एकदाही चुकल्या नाहीत. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक फरक होते ते. मी पुण्यात शिकले, मोठमोठ्या वादकांना माइक लावले, पण असा कान पाहिला नव्हता. हे कसं कळतं, असं विचारलं तर त्यांना प्रश्नच नवलाचा वाटला. कार्यक्रमात किसनराव पुढं बसायचे आणि त्या मागं. "मला त्यांची पाठच दिसायची. समदं कानावरच."

मग मी भास वगैरे डोक्यातून काढून टाकलं आणि रीतसर शोधायला बसले. दोष निघाला माझाच. कॅसेटची खरखर घालवायला मी एक सॉफ्टवेअर लावलं होतं. ते पुढचा आवाज आधी वाचून मग साफ करतं, आणि त्याच्यापायी बाकी सगळ्याला खोळंबून राहावं लागतं. ते काढलं. खरखर परत आली, उशीर पुष्कळ कमी झाला.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अजून कणभर हाय."

उरलेला उपाय एकच, आणि तो मी टाळत होते, कारण त्यात आवाज फार कोरडा येतो. डब्यावर एक बटण असतं, फिरवायचं. एका टोकाला नेलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो. दुसऱ्या टोकाला नेलं की फक्त कॉम्प्युटरमधलं गाणं. मधे ठेवलं की दोन्ही. मी चाचणीसाठी ते पूर्ण माइकच्या टोकाला फिरवलं. बाईंनी दोन ठोके दिले आणि पहिल्यांदा हसल्या.

"आता माझा हात माझ्या कानात आला."

नेमका तेव्हाच खाली टँकर आला. दोन दिवस वाट पाहिलेला. मी तशीच धावले, पाइप धरून ड्रम भरले आणि वर आले तेव्हा पावणेतीन होत होते. समोरचे मजूर उठायच्या आत घ्यायचं होतं. बाई हेडफोन लावून तयार होत्या. मी कूलर बंद केला, स्पीकर बंद होतेच, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मावशी, सुरू."

माझ्या डब्याला हेडफोनची जागा एकच, त्यामुळं टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, चालू असताना मला गाणं ऐकू येत नाही. मी फक्त स्क्रीन बघते. सुरुवातीला पेटीचा लांबलचक तुकडा आहे. तेवढा वेळ बाई ढोलकीवर तळवा ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. आणि स्क्रीनवरची रेघ किसनरावांच्या आवाजाच्या पहिल्या लाटेला टेकली, तिथंच बाईंचा ठोका पडला.

ते वाजवणं मला शब्दांत सांगता येणार नाही. सुजलेली बोटं, पण एक ठोका ढिला नाही. हनुवटीवरून घाम ढोलकीवर ठिबकत होता. खोकल्याची जागा आली. त्यांनी तळवा अलगद टेकवून नाद दाबला, थांबल्या, आणि किसनरावांनी अर्धी ओळ उचलली तिथं बरोबर परत आत शिरल्या. पुढं मी स्क्रीनकडं बघायचं सोडून दिलं, त्यांच्या हातांकडंच बघत राहिले. शेवटचा ठोका पडला तेव्हा कॅसेटवरची पेटीही संपली होती.

मी आनंदानं त्यांचे हेडफोन स्वतःला लावले आणि गाणं सुरू केलं. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला, तरी नाही. मग माझी नजर डब्यावर गेली. बटण होतं तिथंच होतं, पूर्ण माइकच्या टोकाला. टँकरच्या गडबडीत मी ते मधे आणलंच नव्हतं. म्हणजे त्या अख्ख्या टेकमध्ये बाईंच्या कानात फक्त त्यांची स्वतःची ढोलकी होती. गाणं नव्हतंच.

पहिला विचार आला, टेक वाया गेला. मग स्पीकर लावून दोन्ही एकत्र ऐकलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला. भीतीनं नव्हे. ते इतकं सुंदर होतं.

"मावशी, तुम्हाला त्यांचं गाणं ऐकू येत होतं?"

"व्हय. येत व्हतं की."

"हेडफोनमधून?"

त्यांनी जरा विचार केला. "ते नाय सांगता येणार. म्होरून येत व्हतं."

मी त्यांना काही सांगितलं नाही. खबरदारी म्हणून दोन दिवसांनी आणखी एक टेक घेतला, या वेळी बटण मधोमध ठेवून. तोही उत्तम झाला. पण दोन्ही टेक स्क्रीनवर शेजारी लावले आणि फरक दिसला. दुसऱ्यात ढोलकी सगळीकडं केसाएवढी मागं होती. ऐकून वाजवणारं कुणीही तसंच मागं असतं. पहिल्यात तसं नव्हतं. कुठं हात आधी होता आणि आवाज नंतर, कुठं आवाज पुढं आणि हात मागं, कुठं दोन्ही एकाच क्षणी. दोन माणसं जवळ बसून एकमेकांना सांभाळत गातात-वाजवतात, अगदी तसं.

माझा नवरा अविनाश वाळूजच्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सची देखभाल बघतो. त्यानं एक अख्खा रविवार यात घातला. बटण टोकाला ठेवून हेडफोनला माइक लावून पाहिला. गाण्याचा मागमूस नाही. स्पीकर चुकून चालू असेल म्हणावं, तर ढोलकीच्या माइकनं तो पकडला असता. त्या ट्रॅकवर समोरच्या प्लॉटवरच्या कुत्र्याचं भुंकणं बारीक ऐकू येतं, किसनराव कुठंच नाहीत. स्क्रीनकडं बाईंची पाठ होती. राहिली आठवण. गाणं त्यांना जन्माचं पाठ, कबूल. कॅसेट त्यांनी अख्खी एकदा ऐकली होती आणि नंतर तुकड्यातुकड्यांत. पण गाणं पाठ असणं वेगळं, आणि त्या एका दिवसाचा खोकला, टेपची ढिलावलेली चाल पाठ असणं वेगळं. पुन्हा एकदा तपासू, असं अविनाश म्हणाला. मग त्यानं तारा गुंडाळून ठेवल्या.

संगीताला मी सगळं सांगितलं. गणिताची बाई ती, तिनं उलटसुलट प्रश्न विचारले, बटण स्वतः फिरवून पाहिलं.

"हे कुणाला सांगू नका, मॅडम," ती म्हणाली. "लोक याचा चमत्कार करतील. आई-बाबांनी जन्मभर बुवाबाजीच्या विरोधात गाणी म्हटली. कौतुक आईच्या हाताचं करा."

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गावच्या विहारात ते गाणं लावलं, अर्थात पहिला टेक. मी गेले होते. बायांमध्ये प्रयागबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे नेमकं कोणत्या कार्यक्रमातलं, तेव्हा मी होतो का? बाई नुसत्या हसल्या. त्या दिवाळीला त्यांना ढोलकी धरता आली नाही, पुढं कधीच आली नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. संगीतानं आता लिहायला परवानगी दिली, फक्त सगळ्यांची नावं बदलायला सांगितलं आणि तिचं ते चमत्काराबद्दलचं बोलणं गाळायचं नाही, अशी अट घातली. गाळलेलं नाही.

म्हणून मीही चमत्कार म्हणत नाही. बाईंचा कान किती बारीक होता हे मी मोजून पाहिलेलं आहे. कदाचित त्या कानाला आणखीही काही येत असेल, जे मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. अविनाशला हे पटत नाही. दोन्ही ट्रॅक मी अजून अधूनमधून उघडते, वेगवेगळे ऐकते, मग एकत्र ऐकते. कारण सापडलेलं नाही. शोधायला बसते आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की शोधायचं राहून गेलंय, मी नुसती ऐकतेय.