पडद्याचं कापड

कामतघरला आमचा लूमचा कारखाना आहे. घरात कापडाला तोटा नाही. तरी वडिलांच्या खाटेभोवती लावायला अडीच महिन्यांत मला एक पडदा मिळाला नाही.

वडिलांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच हातात आहे, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. आत त्यांची खिडकीवाली खोली होती. पण मी खाट पुढच्या खोलीत, थेट दारासमोर टाकली. आमच्यात आजारी माणसाला भेटायला अख्खं गाव येतं, टेम्पो भरून. खाट आत असली की म्हणतात, म्हाताऱ्याला कोपऱ्यात टाकलंय. मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. वडिलांना मी विचारलंसुद्धा नाही. सुनेसमोर कधी उघड्या अंगाने न बसलेला माणूस तो. भर उन्हाळ्यातही बनियनवर सदरा.

आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला नर्स यायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, पडदा लावा, आणि साफसफाईच्या वेळी पाहुण्यांना बाहेर बसवा. मी हो म्हणालो. पुढच्या खेपेला तिने विचारलं तेव्हा शिंपी गावाला गेलाय म्हणून सांगितलं. त्यापुढच्या खेपेला ती एवढंच म्हणाली, "दादा, दोन खिळे आणि एक चादर पुरते हो." तिला खरं कारण कसं सांगणार? पडदा लावला असता तर बाप दिसला नसता, आणि त्याची सेवा करणारा मीही.

एका रविवारी राहनाळहून बहिणीच्या सासरची माणसं आली. चहा चालू असताना वास आला. बायकोने खुणेने सांगितलं, यांना बाहेर ओट्यावर बसवा. मी मोठ्याने म्हणालो, "घरचीच माणसं हायेत." आणि सगळ्यांदेखत चादर काढली, डायपर सोडलं. विहीणबाई भिंतीकडे बघत राहिल्या. व्याही म्हणाले, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

वडिलांचा एकच हात चालत होता. खाली काही झाकायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्या हाताने उशाचा टॉवेल ओढला आणि तोंडावर घेतला.

पाहुणे गेल्यावर टॉवेलाखालूनच म्हणाले, "मना आत ने रं."

उद्या नेतो म्हणालो. पुढच्या रविवारी मामाकडचे येणार होते.

नंतर दारात चपलांचा आवाज झाला की ते डोळे मिटून घ्यायचे. झोप लागलीय, बरं झालं, असं लोक म्हणायचे. मी शेजारी बसून पापण्या हलताना बघायचो आणि मान डोलवायचो.

ते गेले तेही पुढच्या खोलीतच, सात-आठ माणसांसमोर. पांढरं कापड लागेल, असं कुणीतरी म्हणालं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी कारखान्यात जाऊन अख्खा तागा उचलून आणला.