चुंबक सरांचा एकच प्रश्न

पेपरात ‘रामबाण उपाय सापडला’ असं वाचल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? नांदेडला आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणारे चुंबक सर एकच विचारायचे, “कोणावर करून पाहिलं?”

सरांच्या खिशात पेनाऐवजी चुंबक असे. काळ्या द्रवाच्या बाटलीला तो लावला की द्रव काचेवर चढायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे लोखंडी कण होते. “ठिबकच्या नळीत क्षार साचतो तसा धमनीत थर साचतो,” सर सांगत. “नळी न कापता दिसतो का? न्हाई. हे कण सुजलेल्या थरात जाऊन बसतात, मग एमआरआयच्या चित्रात तेवढी जागा काळी दिसते. पण आपले कण अजून सशांवरच तपासलेत. माणूस लई लांब हाय.”

मला एवढा धीर कुठला! सरांच्या प्रयोगशाळेला यंत्रासाठी देणग्या मिळाव्यात म्हणून मी पत्रक काढलं: ‘मराठवाड्याने हृदयविकाराला हरवले!’ सरांना न विचारता मुखेडच्या बाजारात वाटलंही.

आठवड्यात ते पत्रक घेऊन तिथले एक काका प्रयोगशाळेत आले. घामानं भिजलेले. “सर, ती काळी दवाई द्या. चार दिस झाले, चाललं की छाती दाबून राहिली.”

“काका, ही दवा न्हाई. यानं रोग दिसतो, बरा होत न्हाई.”

“मग हितं लिवलंय ते?”

सरांनी पत्रक वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि ऑटो बोलावून काकांना दवाखान्यात नेलं. काकांच्या दोन धमन्या जवळजवळ बंद होत्या. ते वाचले. दवाई मिळेल या आशेनं चार दिवस घरी थांबले होते, हे डॉक्टरांसमोर कळलं तेव्हा मला मान वर करता येईना.

“जितकी चूक वाटलीस, तितकीच दुरुस्ती वाट,” सर म्हणाले.

पुढच्या बाजारी मी दुरुस्तीचं पत्रक घेऊन उभी राहिले. “आधी हरवलं, आता हरलं व्हय गं बाई?” एक मिरचीवाली हसली. माझं डोकं तापलं. शेजारी सर शांतपणे पत्रकं वाटत होते. “हसू दे की. वाचून तर राहिलेत!”

निवृत्त होऊन सर लातूरला गेले. जाताना चुंबक मला दिला. पत्रकं मी आजही काढते, तावातावानंच काढते. पण छापण्याआधी तो चुंबक कागदावर ठेवते आणि सरांचा प्रश्न स्वतःला विचारते.

तुम्हीही विचारा. माझं पत्रक हाती पडलं तरी विचारा. आणि छाती दाबत असेल, तर उत्तरासाठी थांबू नका; आधी दवाखाना गाठा.